जिवाणी

ऋजुताच्या रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर, हिमोग्लोबिन आणि साखरेच्या खाली, यंदापासून एक नवा रकाना आला होता : ‘बाह्य खुणा’. बहुतेकांच्या कागदावर तो कोराच असे. ऋजुताच्या कागदावर तिथे एक क्रमांक छापलेला होता.

त्रिशलाने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा वाचलं. को-७-०४१८.

“हा कुठल्या तरी कारखान्याच्या परवान्याचा नंबर असतो,” डॉक्टर समजावून सांगत होते. “त्या कारखान्यातलं पाणी कोणत्या तरी वाटेनं तुमच्या मुलीच्या पोटात गेलंय. त्याच्याबरोबर कॅडमियमही गेलेलं दिसतंय. फार नाही, पण सातव्या महिन्यात तेवढंही नको.”

“बाळाला काही...?”

“वार त्यातलं बरंचसं अडवते. सगळं नाही अडवत.” डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. “काही गोष्टी जन्मल्यावर कळतील, काही वर्षा-दोन वर्षांनी. आता एकच करायचं. हे येतंय कुठून ते शोधायचं आणि बंद करायचं. रिपोर्ट आपोआप प्रदूषण मंडळाकडे गेलाय, बहात्तर तासांत छडा लागेल. तुम्ही त्या कारखानदारावर दावा लावा. असल्या लोकांना सोडू नये.”

त्रिशला मान हलवून उठली.

रिक्षा नांदणवाडीच्या रस्त्याला लागली. बाहेरच्या उसाकडे बघत ऋजुता म्हणाली, “आई, हा आपला नंबर आहे ना?”

“हो.”

*

नांदणवाडी हे चांदीचं गाव. कोल्हापूरपासून तासाभरावर. घराच्या पुढच्या भागात माणसं राहतात, मागच्या भागात पैंजण घडतात. त्रिशला चौगुलेच्या मागच्या पडवीत चौदा बायका काम करायच्या. नवरा गेल्यावर नऊ वर्षं तिने हा कारखाना एकटीने चालवला होता. लग्नाआधी रसायनशास्त्राची पदवी घेतली होती, ती तोवर कपाटात होती. नंतर रोज कामाला आली.

सहा वर्षांपूर्वीपर्यंत कायदा एवढंच विचारायचा : किती? तुमच्या गटारातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात आम्ल किती, धातू किती. पण दहा कारखान्यांचं पाणी एकदा ओढ्यात मिसळलं की कुणाचं किती हे कुणालाच सांगता येत नसे, आणि सगळेच सुटत. मग खूण निघाली, आणि कायदा विचारू लागला : कुणाचं?

खूण म्हणजे डीएनएचा एक आखूड तुकडा. तो कुठल्याही प्राण्याचा किंवा झाडाचा नसतो. प्रयोगशाळेत अक्षराला अक्षर जोडून बनवलेला असतो. अक्षरं चारच, पण ऐंशी घरांत ती इतक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी मांडता येतात की जगातल्या प्रत्येक कारखान्याला स्वतःचा तुकडा देऊनही संपणार नाहीत. हा तुकडा काचेच्या कणात बंद केलेला असतो. केसाच्या जाडीत असे सातशे कण शेजारी शेजारी बसतील. काचेमुळे त्याला ऊन लागत नाही, जंतू खात नाहीत, वर्षं त्याचं काही बिघडवत नाहीत. तपासणाऱ्याने काच विरघळवायची, आतला एक तुकडा सापडला तरी यंत्रात त्याच्या कोट्यवधी प्रती काढायच्या आणि अक्षरं वाचायची. मंडळाकडून दर महिन्याला बोटाएवढी कुपी यायची. तिच्यातलं दुधट पाणी प्रत्येक परवानाधारकाने आपल्या पहिल्या टाकीत ओतायचं. न ओतणं हाही गुन्हा.

पहिल्या वर्षी खूण फक्त गटाराच्या तोंडाशी शोधत. पहिल्या दुरुस्तीनंतर आसपासच्या ओढ्यांत शोधू लागले. दुसरी दुरुस्ती कॅडमियमवरच्या बंदीची होती. यंदाच्या तिसऱ्या दुरुस्तीत अंतराची अट गेली आणि ‘जिथे सापडेल तिथे’ असे शब्द आले. माणसाचं शरीरही त्यात बसलं. तिथे खूण सापडली तर कारखाना कायमचा बंद. दुसऱ्या कुणामुळे ती बाहेर गेली असं दाखवता आलं तरच सूट.

गावातल्या चाळीस कारखान्यांपैकी अठरा उरले होते. त्रिशलाचा त्यांतला एक, कारण ती नियम वाचायची. कॅडमियम घातलेली डाक, म्हणजे सांधायचा मिश्रधातू, लवकर वितळते आणि पैंजणाच्या बारीक कड्या न जळता सांधते. बंदी आली त्या आठवड्यात तिने ती डाक बंद केली. नव्या डाकेवर हात बसेपर्यंत बायकांनी तीन महिने कड्या जाळल्या, तेही तिने सोसलं. आणि तिचं गटार कोरडं होतं. धुण्याच्या पाण्यात चांदीचा कीस असतो. तो वाया जाऊ नये म्हणून हात धुतलेलं पाणीसुद्धा टाकीत जायचं. पहिल्या टाकीत गाळ बसायचा, दुसरीत चुना पडायचा, तिसरीतलं निवळ पाणी पुन्हा पैंजण धुवायला. अंगणाबाहेर थेंब जात नव्हता.

मग खूण गेली कशी?

*

“ताई, कायद्याला वाट हवी असते,” इनामदार म्हणाले. कारखान्यांची कागदपत्रं सांभाळणारे ते सल्लागार. फोन केल्यावर तासाभरात आले होते. “तुम्ही दाखवली नाहीत तर तो तुमच्याच उंबऱ्यातून काढेल.”

“माझं गटार कोरडं आहे. तुम्हीच दर वर्षी फोटो काढता.”

“म्हणूनच विचारतो. पाणी जात नाही. मग तुमच्याकडून बाहेर जातं काय?”

“पैंजण.”

“आणि?”

त्रिशलाने पडवीकडे पाहिलं. मग म्हणाली, “गाळ.”

गाळ न्यायची ती पलीकडच्या गावची शेवंता झारेकरी. चांदीवाल्यांच्या कारखान्यातला केर, राख, टाकीतला गाळ नेऊन त्यातून धातू काढायचा, हा तिच्या घराण्याचा धंदा. तिची सासू त्रिशलाच्या सासूकडून गाळ न्यायची. कागद कधी झाला नव्हता. दिवाळीआधी शेवंता टेम्पो घेऊन यायची आणि पंधरा दिवसांनी फडक्यात गुंडाळलेली चांदीची लगड आणून ठेवायची.

“परवाना आहे तिच्याकडे?”

“त्यांच्यात असलं काही नसतं.”

“झालं तर मग. ती गाळ नदीवर धुते. नदीचं पाणी नळाला येतं. नळाचं पाणी ऋजुता प्यायली.”

“नदीवर धुते कशावरून?”

“नाही कशावरून?” इनामदारांची बोटं टॅबच्या पडद्यावर चालूच होती. “...सदर गाळ आमच्या परवानगीशिवाय नेण्यात आला.”

“असं नाही. मी स्वतः देते.”

“मग विनापरवाना माणसाला घातक गाळ दिला असं लिहू? त्यालाही कलम आहे, ताई. तुम्ही सांगाल ते लिहितो.”

पडवीतून फुंकण्यांचा सूं सूं आवाज येत होता. समोर झोपाळ्यावर ऋजुता पोटावर हात ठेवून बसली होती. दोन महिन्यांपूर्वी बेळगावहून माहेरी आली तेव्हा तिचा चेहरा भरलेला होता. आता तो त्रिशलाला उतरलेला वाटला. सकाळपर्यंत तसा वाटला नव्हता.

तिने जबाबाखाली पडद्यावर अंगठा टेकवला.

*

संध्याकाळी काम सुटल्यावर ती रोजच्यासारखी तिसऱ्या टाकीशी गेली.

निवळ पाण्यात डासांच्या अळ्या होत. साचलेल्या पाण्यावर तेल टाका, असा ग्रामपंचायतीचा नियम होता. तेलाचा तवंग आला की अळ्यांचा श्वास कोंडतो. सासूबाईंनी ते कधी होऊ दिलं नाही. त्या दुहेरी कापडातून टाकी गाळायच्या, कापड अलगद उलटं करायच्या आणि अंगणातल्या विहिरीत बादलीने सोडून हळूच बुडवायच्या. पिण्याचं पाणी गाळलं की गाळण्यात राहिलेले बारीक जीव जिथून पाणी आणलं तिथेच परत सोडायचे, त्याला जिवाणी म्हणतात. जैनांच्या घरातली जुनी रीत. टाकीतलं पाणी विहिरीचं, म्हणून अळ्याही विहिरीच्या, असं सासूबाईंचं म्हणणं. “ज्या पाण्यातला जीव, त्या पाण्यात,” एवढंच त्या म्हणायच्या, आणि नव्या सुनेच्या हातात त्यांनी पहिल्या महिन्यातच ते कापड दिलं होतं.

“अक्का,” हातपाय धुता धुता कल्लव्वा म्हणाली. चौदा बायकांत ती सगळ्यांत जुनी. “तुमी त्यास्नी विहिरीत सोडताय, तितं बेडूक बसलाय ताट मांडून. मग पाप कुणाला? तुमाला का बेडकाला?”

“बेडकाला.”

“बगा की! बिचारा नुसता जेवतोय.”

त्रिशलाला दिवसभरात पहिल्यांदा हसू आलं. तिने बादली खाली सोडली, कापड सैल केलं आणि वर ओढून घेतलं.

*

बुधवारी तिने नळाला कापड बांधून टाकलं.

“नळाचा थेंब घ्यायचा नाही. भाजी धुवायलासुद्धा नाही. विहिरीचंच प्यायचं, मी तिप्पट गाळून ठेवलंय.”

“आई, बाळाला थोडी जागा राहू दे. किती पाजशील?”

“पी. आत गेलंय ते धुऊन निघेल.”

ऋजुता हसून प्यायली. तांब्या रिकामा झाला की त्रिशला भरून आणायची. गल्लीही त्याच विहिरीवर होती. नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं आणि चौगुल्यांच्या विहिरीचं पाणी गोड. त्या दिवशी तिने स्वतः घरोघरी जाऊन सांगितलं की नळाचं पिऊ नका, आमच्याकडून न्या. बायकांनी दुवा दिला.

रात्रीच्या जेवणाआधी फोनवर मंडळाचा संदेश आला. ‘आपण दाखवलेला मार्ग प्रथमदर्शनी मान्य. संबंधित व्यक्तीची चौकशी सुरू. कारखाना चालू ठेवण्यास तूर्त हरकत नाही.’ तिने तो दोनदा वाचला. हायसं वाटायला हवं होतं, पण जेवण गेलं नाही.

*

गुरुवारी सकाळी शेवंता आली. दारातच उभी राहिली. कोपरापाशी आतल्या बाजूला कापसाची पट्टी चिकटवलेली होती.

“या मावशी. पाणी घ्या.”

“नको. पाणी नको तुमचं.” साठीची बाई, पण आवाज खणखणीत. “काल पोलीस आलं. माझं टब नेलं, भट्टी नेली, हातातनं रक्त काढून नेलं. वरनं इचारत्यात, चौगुल्यांचा गाळ कवापासनं चोरतीस? वहिनी, मी चोर हाय?”

त्रिशला म्हणाली, “ऋजुताच्या रक्तात आलंय ते. मला काही सुचलं नाही. तुम्ही नदीवर धुता ना...”

“नदीवर?” शेवंताला खरोखरच हसू फुटलं. “पंचवीस वर्सं चांदीत काढली आनि असं बोलतासा? नदीवर धुतलं तर चांदी नदीला जाईल की! माशास्नी पैंजण घालायचंत व्हय? मी पत्र्याच्या टबात धुती, तेच पानी परत परत वापरती, शेवटाला आटवती. थेंब सोडत न्हाई. तुमच्यागतच.”

ते खरं होतं. त्रिशलाला ते परवाच कळायला हवं होतं. ज्या कारणाने तिचं गटार कोरडं, त्याच कारणाने शेवंताचंही.

“आनि ह्यो बगा कागद. सकाळी दिला.” शेवंताने कमरेच्या पिशवीतून घडी काढली. “मला वाचाय येत न्हाई. पोरगी म्हनली, कोरा हाय.”

‘बाह्य खुणा’ हा रकाना कोरा होता.

त्रिशला त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. ही बाई तिचा गाळ उघड्या हातांनी चिवडते, त्याच्या भट्टीशेजारी झोपते. तिच्या अंगात एकही कण नाही. कातडीतून तो शिरत नाही, प्यावाच लागतो. नांदणवाडीचं पाणी सोडलं तर शेवंताच्या आणि ऋजुताच्या आयुष्यात वेगळं काय होतं? आताही ती तहानेली दारात उभी होती आणि पाणी नको म्हणत होती.

“मी जबाब मागे घेते,” त्रिशला म्हणाली. “मला आजचा दिवस द्या.”

“घ्या. तुमच्या सासूनं माझं नाव सांगितलं आस्तं तर मी तोंडावर थुंकली आस्ती,” शेवंता पायरी उतरता उतरता म्हणाली. “तुमी धाकट्या म्हनून गप हाय.”

*

दुपारभर तिने पाण्याचा माग काढला, कॉलेजात शिकवला होता तसा. कागदावर टाक्या काढल्या, बाण काढले. विहिरीतून पडवीत. पडवीतून पहिली टाकी, दुसरी, तिसरी. तिसरीतून पुन्हा पडवीत. वर्तुळ पुरं होत होतं. टाक्यांना चीर नव्हती, तळाला दुहेरी पत्रा होता, तो मंडळाने तपासला होता. विहिरीकडे परत जाणारा बाण कुठेच नव्हता.

संध्याकाळ झाली. कागद तसाच ठेवून ती रोजच्या सवयीने उठली. टाकी गाळली. कापड उलटं केलं. काठावर येऊन बादली खाली सोडायला घेतली, आणि दोर हातातच थांबला.

कापडातून पाणी ठिबकत होतं. चमचाभर असेल. त्यात पंचवीस-तीस अळ्या वळवळत होत्या.

हा बाण तिने काढला नव्हता. हे कामात धरलेलंच नव्हतं कधी. हे पुण्याच्या खात्यात होतं.

रोज चमचाभर. खुणेचे कण त्यातून गेले, आणि त्यांच्याबरोबर जुन्या डाकेचं कॅडमियम, टाकीच्या भिंतींना धरून बसलेलं, थोडं थोडं सुटणारं. विहिरीच्या तळाच्या चिखलात ते साठत गेलं. उन्हाळ्यात पाणी खाली जाई तेव्हा घागरीत जास्त येत असेल. कापड अळी अडवतं. केसाच्या सातशेव्या भागाला ते काय अडवणार? तिप्पट केलं तरी काय अडवणार?

दोन दिवसांत तिने ऋजुताला किती तांबे पाजले ते ती मोजू लागली, आणि सहाच्या पुढे तिला मोजवेना.

तिने बादली वर ओढली. अळ्या टाकीतच परत झटकल्या. कुणालाच माहीत नव्हतं. मंडळाने मार्ग मान्य केला होता. विहिरीची मोटार बिघडली म्हणून सांगता येईल. उद्या झाकण टाकता येईल. महिन्याभरात सगळे टँकरवर जातील. शेवंताविरुद्धचा जबाब मागे घेऊन दुसरी कुठली तरी वाट दाखवता येईल, इनामदार दाखवतील. चौदा जणींची चूल चालू राहील. आणि कुणाच्या रक्तात काय आहे ते कुणी बघायला जाणार नाही. कुणाच्या मूत्रपिंडात काय साचलंय, कुणाच्या पोटात. शरीरात गेलेलं कॅडमियम वीस-वीस वर्षं निघत नाही, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं.

मागे घागरीचा आवाज झाला. कल्लव्वा काठावर वाकली होती. घरी न्यायची घागर भरून झाली होती. उरलेल्या बादलीला तिने ओंजळ लावली होती.

“पिऊ नको!”

तिचा आवाज इतका चिरका निघाला की पडवीतल्या सगळ्या बायका बाहेर आल्या. कल्लव्वाच्या बोटांमधून पाणी गळत होतं.

“काय झालं अक्का? साप पडला काय आत?”

“ओत ते. घागर पण ओत. कुणी पिऊ नका.” झोपाळ्यावरून ऋजुता उठून आली होती, तिच्याकडे बघत त्रिशला म्हणाली, “खूण या विहिरीत आहे. मी टाकलीय. रोज, या कापडानं.”

कल्लव्वाने आधी आपल्या ओल्या हातांकडे पाहिलं, मग विहिरीत डोकावून पाहिलं, जणू तिथे काही दिसणार होतं. मग हळूच म्हणाली, “अक्का, माझ्या सुनंचं दोनदा पोट पडलं. ते ह्येनंच काय?”

“मला माहीत नाही,” त्रिशला म्हणाली. “खरंच माहीत नाही.”

*

शुक्रवारी सकाळी मंडळाच्या अधिकारी आल्या. गायत्री डोईफोडे, तिशीच्या, पायात गमबूट. त्यांनी टाकीच्या कडेला आणि विहिरीच्या काठाला लाल पट्टी चिकटवली. शेवंताचं नाव काढून टाकलेल्या जबाबावर त्रिशलाचा अंगठा घेतला.

“परवाना आजपासून रद्द. तुम्ही आपणहून सांगितलंत, त्याची नोंद केलीय. त्यानं यात फरक पडणार नाही.”

“माहीत आहे.”

“हे किती वर्षांपासून करताय?”

“लग्न होऊन आले त्या वर्षापासून. सव्वीस.”

अधिकाऱ्यांचा हात थांबला. “खूण तर सहाच वर्षांची आहे.”

“हो. त्याआधी सासूबाई करायच्या. चाळीसेक वर्षं असतील. तेव्हा आम्ही सगळीच डाक कॅडमियमची वापरायचो.”

बाईंनी वर पाहिलं. पडवीत, जिथे काल भट्ट्या होत्या, तिथे खुर्च्या मांडून गल्लीतल्या लोकांचं रक्त घेणं चालू होतं. रांग दाराबाहेर गेली होती. कुणी त्रिशलाकडे बघत नव्हतं. कल्लव्वा सुनेचा हात धरून उभी होती.

“मग खूण ज्यांच्यात सापडणार नाही,” अधिकारी सावकाश म्हणाल्या, “त्यांच्यातही कॅडमियम असू शकतं.”

“हो.”

“जे गाव सोडून गेले, त्यांच्यातही.”

“हो.”

त्यांनी ते लिहिलं नाही. लिहायला रकाना नव्हता. जाताना म्हणाल्या, “टाकीतलं काही बाहेर काढायचं नाही. दुपारी माणूस येऊन तेल टाकेल.”

त्या गेल्यावर त्रिशला लाल पट्टीशी उभी राहिली. पाण्याच्या वरच्या थरात अळ्या उलट्या लटकून श्वास घेत होत्या. गाळण्याचं कापड तिच्या खांद्यावरच होतं, कोरडं.

“आई,” ऋजुता मागे येऊन उभी राहिली. कालपासून ती आईशी बोलली नव्हती. आताही बोलली ते दुसरीकडे बघत. “कधीपासून हलत नव्हतं. आता हलतंय. हात दे.”

त्रिशलाने हात पदराला पुसला. उलटा करून पुन्हा पुसला. ऋजुताने तो मनगटाला धरून ओढला आणि पोटावर टेकवला.

तळव्याखाली काहीतरी वळलं, थांबलं, पुन्हा वळलं. आत, स्वतःच्या पाण्यात. ज्या पाण्यातला जीव, असं तिच्या मनात आलं, आणि पुढचे शब्द येऊ नयेत म्हणून ती मोठ्याने आकडे मोजू लागली, बाळ किती वेळा हलतं त्याचे. एक. दोन. तीनसाठी दोघी श्वास रोखून उभ्या राहिल्या.